हवामान बदलाच्या योजनेत समाजशास्त्रज्ञ कधी हवेत?

मेघवेध:
हवामान बदलाला तोंड देण्याच्या योजनांत समाजशास्त्रज्ञांना अगदी शेवटी बोलावतात. आराखडा पक्का झालेला असतो; 'लोकांना समजावून सांगा' एवढंच काम उरतं. माझ्या मते ते पहिल्या बैठकीपासून हवेत. जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने ७००हून जास्त माणसं दगावली. पण शेजारशेजारच्या, सारख्याच गरीब वस्त्यांतही मृत्यूंच्या प्रमाणात मोठा फरक होता. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी त्याचा माग काढला. जिथे दुकानं आणि रस्त्यावर वर्दळ होती, तिथले एकटे राहणारे वृद्ध बाहेर पडले आणि तगले. ओस पडलेल्या वस्तीतले दारं लावून घरातच राहिले. तापमानाच्या नकाशावर हे कुठे दिसणार?

सांख्यिक:
साफ असहमत. बांगलादेश बघा. १९७०च्या भोला चक्रीवादळात किमान ३ लाख बळी, २००७च्या सिद्रमध्ये सुमारे ३,४००. मधल्या काळात अंदाज सुधारले, पक्के निवारे उभे राहिले. वादळ कुठे धडकणार हेच कळलं नाही, तर लोकांना सांगणार काय? शिवाय हवामानाचं गणिती मॉडेल बनवणाऱ्याला आपली अनिश्चितता आकड्यात मांडावी लागते. मुलाखतींवरून काढलेल्या निष्कर्षांना ही शिस्त कोण लावणार? सगळं एकत्र कालवलं की दोन्हीकडचा काटेकोरपणा जातो.

मेघवेध:
१९७०चं वादळ उपग्रहाने टिपलं होतं हो! इशारा किनाऱ्यावरच्या माणसांपर्यंत धड पोचला नाही. म्हणून तर १९७२मध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांची यंत्रणा उभी राहिली. आणि १९९१चं वादळ तुम्ही वगळलंत. तेव्हा इशारा होता, काही निवारेही होते, तरी सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. तरुण स्त्रियांचा मृत्युदर त्याच वयाच्या पुरुषांच्या कितीतरी पट होता. घरच्यांच्या परवानगीविना निघायचं नाही, मुलांना सोडता येत नाही, निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी. निवाऱ्यात स्त्रियांसाठी वेगळी जागा आधीच आखायला हवी होती. आता सांगा, हा प्रश्न अभियांत्रिकीचा की समाजशास्त्राचा?

नदीकाठ:
दोघंही एक बाजू सोडताय. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५मध्येच दाखवलं होतं की पूर अडवायला बांध घातले की लोक निर्धास्त होतात, पूरक्षेत्रातच वस्ती वाढते. मग बांध फुटला की नुकसान आधीपेक्षा मोठं. म्हणजे माणसं कशी वागतात हे जलविज्ञानाच्या गणितातच यायला हवं, शेवटच्या प्रकरणात नव्हे.

सांख्यिक:
बांधाचा मुद्दा मान्य, कारण वस्ती किती वाढली ते मोजता येतं. शिकागोची 'वर्दळ' मोजायची कशी, ते आधी सांगा. तोवर उष्णतेचा इशारा मी तापमान आणि आर्द्रतेवरूनच देईन.