प्रथिनाला साखर: मुलामा, शर्करीकरण की शर्करायोजन?

फोंडेकर: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लिहितोय. पेशीत प्रथिनांना साखरेचे रेणू जोडले जातात, त्या ग्लायकोसिलेशनला ‘साखरेचा मुलामा’ म्हटलं तर चालेल? आणि ड्रोसोफिला म्हणजे फळमाशीच ना?

पेडण्याची बाय: बागायतदाराला फळमाशी म्हणजे मानकुराद आंब्यात अळ्या करणारी. ती बॅक्ट्रोसेरा, तिचं कूळच वेगळं. ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या काजूच्या बोंडूंच्या राशीवर घोंघावणारी, तांबड्या डोळ्यांची इवलीशी चिलटं. सरळ ड्रोसोफिला लिहा, भांडण नको.

ताळगावकर: मुलामा नकोच. तो वरून सगळीकडे सारखा चढतो, इथे जागा ठरलेल्या असतात. ड्रोसोफिलातलं नॉच हे प्रथिन घ्या, शेजारच्या पेशीचा इशारा झेलणारं. (बिघाड झाला की पंखाला खाच पडते, म्हणून हे नाव.) पेशीच्या पडद्याबाहेर त्याचे ३६ सारखे तुकडे ओळीने असतात. त्यांतल्या कित्येकांवर आधी फ्यूकोज नावाची साखर बसते. मग गॉल्जीमध्ये (पेशीतला प्रथिनांवर शेवटचा हात फिरवणारा भाग) फ्रिंज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या फ्यूकोजवर आणखी एक साखर जोडतं, एन-असेटिलग्लुकोसामाइन. हे २००० साली उघड झालं. तेवढ्यानं नॉच डेल्टाला जास्त दाद देतो आणि सेरेटला फारशी भीक घालत नाही. हे दोघेही शेजारच्या पेशीवरून इशारा देणारे. आता गंमत बघा. पंख घडताना फ्रिंज आणि सेरेट पाठीकडच्या पेशींत, डेल्टा पोटाकडच्या. म्हणजे पाठीकडची पेशी ऐकते डेल्टाचं, पोटाकडची ऐकते सेरेटचं, आणि नॉच जागा होतो तो फक्त दोन बाजूंच्या शिवेवर. पंखाची कड तिथेच धरते.

फोंडेकर: मग ‘शर्करीकरण’?

ताळगावकर: ते स्टार्चची साखर करण्याला शोभेल. प्रथिनाची काही साखर होत नाही.

म्हापसेकर: मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो. एचबीए१सी ही मधुमेहाची रक्ततपासणी समजावताना ‘हिमोग्लोबिनला साखर चिकटली’ म्हणतो. तेच का हे?

ताळगावकर: नाही, ते ग्लायकेशन. तिथे विकर लागत नाही, रक्तातलं ग्लुकोज आपसूक बसतं. तुमचं ‘चिकटणं’ तिथे अगदी बरोबर आहे. इथे ‘जोडणं’ हवं, कारण जोडणारा कुणीतरी आहे. माझं मत शर्करायोजन.

पेडण्याची बाय: शर्करायोजन कानाला पाठ्यपुस्तकी लागतं, पण शीर्षकात खपेल. खाली ‘विकर साखर जोडतं’ असं साधं लिहा. ‘दाद देतो’ मात्र बदलू नका, मुलांना ते लगेच कळेल.