म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर भूगोल प्रकल्प: गृहीतके कशी लिहू?

डिचोलीची_अकरावी
नमस्कार. भूगोलाच्या क्षेत्रभेटीसाठी मी 'लोकांची खरेदी' हा विषय घेतलाय, ठिकाण म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. गृहीतके लिहून नेली ती अशी:
म्हापशाचा बाजार लोकप्रिय आहे. लोक लांबून खरेदीला येतात. मॉलमुळे बाजारावर परिणाम झाला आहे.
बाईंनी तिन्हींपुढे लाल पेनने 'मोजणार काय?' एवढंच लिहून वही परत दिली. प्रश्नावली तयार आहे, २५ प्रश्नांची. नक्की काय बदलू?

निवृत्त_मास्तर
बाय, तुझ्या बाईंनी दोन शब्दांत सगळं सांगितलंय. 'लोकप्रिय आहे' हे खोटं ठरवायचं म्हटलं तर कसं ठरवशील? गृहीतक असं हवं की घरी येऊन आकडे मांडल्यावर ते पडूही शकेल. पडलं म्हणून गुण जात नाहीत, का पडलं ते लिहायचं.

तुझं दुसरं घे, त्यात जीव आहे. पण लांबून म्हणजे किती, आणि काय घ्यायला? पावासाठी म्हापशाला कोणी येत नाही, पोदेर सायकलवर भोंपू वाजवत दारात येतो. कांदे-बटाटे गावच्या पोसऱ्यावर, म्हणजे छोट्या दुकानात, मिळतात. पेडण्याचा माणूस बस पकडून येतो तो कपडे, सोनं असल्या खरेदीला, नाहीतर मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, सुकी मासळी, मिरची, सोलं भरायला. वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली केंद्रस्थान सिद्धांत मांडला, त्यातही हेच आहे: रोज लागणाऱ्या वस्तूसाठी माणूस जवळ जातो, क्वचित लागणाऱ्या महाग वस्तूसाठी लांब. तेव्हा असं लिही: 'कपडे व दागिने घेणारे ग्राहक भाजी-मासळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त अंतरावरून येतात.' गट दोन, मोजायचं एकच, किलोमीटर. शून्य गृहीतक: दोन्ही गटांच्या अंतरात फरक नाही.

दुसरं: 'गाव जितकं लांब, तितक्या बाजाराच्या फेऱ्या कमी.' इथे एक मेख आहे. बाजार आठवड्याचा, म्हणून 'गेल्या चार शुक्रवारांपैकी किती वेळा आलात?' असं विचार. उत्तरं ० ते ४ मध्येच येतील आणि ढीगभर सारखी निघतील. म्हणून गावागावाची सरासरी काढ, १० गावं घे आणि स्पिअरमनचा क्रमसहसंबंध लाव, म्हणजे अंतराचा क्रम आणि फेऱ्यांचा क्रम किती जुळतो ते एका आकड्यात, गुणांकात, कळतं. गुणांक उणे यायला हवा, आणि चिन्ह सोडून निदान ०.५६४ (०.०५ पातळी, म्हणजे नुसत्या योगायोगाने असं येण्याची शक्यता शंभरात पाच; एकाच दिशेची चाचणी).

मॉलचं सोड. आधीचे आकडे तुझ्याकडे नाहीत, मग परिणाम झाला हे कशावरून? त्यापेक्षा फलोत्पादन महामंडळाच्या सवलतीच्या भाजीचा गाडा घे. 'घरापासून १ किमीच्या आत तो गाडा असलेले लोक बाजारात भाजी कमी घेतात.' गाडा जवळ आहे-नाही, पिशवीत भाजी आहे-नाही, असा चार रकान्यांचा तक्ता आणि काय-वर्ग चाचणी, म्हणजे दोन्हींचा संबंध आहे की नुसता योगायोग ते कळतं. कुठल्याही रकान्यात अपेक्षित संख्या (संबंध नसता तर आली असती ती) ५ हून कमी नको.

सर्वांत मोठा घोळ उभं राहण्याच्या जागेत असतो. कदंब स्टँडच्या बाजूलाच उभी राहिलीस तर अख्खा बारदेश बसने फिरतो असा निष्कर्ष निघेल, आणि स्कूटरवाले पलीकडून शिरून केळी घेऊन घरी पोचलेले असतील. वेगवेगळ्या वाटांवर उभी राहा, दर दहाव्या माणसाला विचार. पर्यटक आधी बाजूला काढ, नाहीतर 'कुठून आलात?' याला 'कळंगुट' म्हणतील आणि तूही खुशाल लिहून घेशील.

सुकें_नुस्तें
माझं बाजारात दुकान आहे म्हणून सांगतो. २५ प्रश्न? गिऱ्हाईक तिसऱ्यालाच पळेल. पाच ठेव. 'खर्च किती केला' हे तर विचारूच नकोस, नवरा शेजारी असला की बाई एक आकडा सांगते, नसला की दुसरा. पिशवीत बघ. वर कोथिंबीर असेल, पण खाली बांगडे आहेत की साडीचा बॉक्स ते वजनावरून कळतं. आणि मासळीवाल्यांच्या पुढ्यात उभी राहू नकोस, धंद्याच्या वेळी आडवं आलेलं खपत नाही.
विकणाऱ्यांनाही विचार की. हरमलची मिरची, मयड्याची केळी, सावंतवाडी-दोडामार्गची भाजी. अंतर काय गिऱ्हाईकच कापतं?

डिचोलीची_अकरावी
धन्यवाद सर, धन्यवाद काका. विक्रेत्यांचं तिसरं गृहीतक करते: 'नाशवंत माल विकणारे टिकाऊ माल विकणाऱ्यांपेक्षा जवळून येतात.' मग गाड्याचं गाळते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या शुक्रवारी जाऊ का? गर्दी असते, भरपूर उत्तरं मिळतील.

निवृत्त_मास्तर
तिसरं चांगलं जमलंय. फक्त नाशवंत कशाला म्हणणार ते आधीच ठरवून लिही. नारळ कुठे घालायचा यावर बाजारात उभं राहून विचार करू नकोस.
चवथीआधी मात्र नको गो. ज्याचं वर्षभर म्हापशावाचून अडत नाही तोही तेव्हा माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाला येतो, तुझी सगळी अंतरं फुगतील. जायचंच असेल तर तीच मोजणी चवथीनंतरच्या एखाद्या साध्या शुक्रवारीही कर आणि दोन्ही शेजारी शेजारी मांड. पाऊस असणारच, फॉर्म प्लास्टिकच्या फाइलमध्ये ने आणि पेन्सिलीने लिही.