बारीक आवाजात जिवंत राहणारं डान्स म्युझिक सुचवा (डॉल्बीवाला विचारतोय)

बेसवाला_सांगली

राम राम मंडळी. प्रश्न जरा उलटा आहे, हसायचं असेल तर हसा.

माझा धंदा साउंडचा. आपल्याकडं त्याला डॉल्बी म्हणतात, त्या कंपनीचा नि आमचा काडीचा संबंध नाही. वडिलांची बेंजो पार्टी होती. मी दोन बेसवर सुरुवात केली, आता अठरा इंचीचे बारा बेस, वरच्या सुरांचे सहा टॉप स्पीकर आणि एक आयशर. माधवनगर रोडला गोदाम आहे. तिथं आधी हळदीची पोती असायची, पावसाळ्यात अजून भिंतींना वास सुटतो.

यंदा अनंत चतुर्दशी झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर डाव्या कानात शिट्टी. कुकरची नव्हे. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपला की मुंग्या यायच्या आधी एक बारीक सूर यायचा बघा, तसली. आठवडा झाला, गेली नाही. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून आलेख काढला. चार हजार हर्ट्झला खड्डा, म्हणजे त्या उंच सुरांना ऐकू कमी. "गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा," एवढंच बोलले. धंदा सोडणं जमणार नाही, हप्ते आहेत. आता कामावर कानात बोळे घालतो, तर आमचीच पोरं हसतात.

खरी अडचण वेगळी आहे. रात्री माल उतरवून झाला की मी गोदामात एकटा बसून ऐकायचो. मिरवणुकीचे रीमिक्स नव्हेत, ते ऐकून ऐकून कंटाळा आलाय. चांगलं हाउस, टेक्नो, जे सापडेल ते. मला नाचायचं संगीत मनापासून आवडतं, फक्त धंदा म्हणून नाही. आता आवाज बारीक ठेवावा लागतो आणि बारीक ठेवला की सगळं पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं.

तर गेल्या दोनतीन वर्षांतलं नवीन काहीतरी सांगा, जे घरातल्या दोन लहान स्पीकरवर, पोरगी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना पण जिवंत वाटेल. शब्द नसले तरी चालतील. ठेका पाहिजे.

आणि "डॉल्बी बंद करा" हे लिहायला कुणी येऊ नका, ते दरवर्षी पोलीस सांगतात.

यवतेश्वर_पायथा

दादा, बारीक आवाजात गाणं मेल्यासारखं वाटतं यात तुमच्या कानाचा दोष कमी. आवाज उतरला की कुणाच्याही कानाला आधी बेस गायब होतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय. म्हणजे ज्या ट्रॅकचा सगळा जीव किकमध्ये, त्या खालच्या ढोलाच्या ठोक्यात, तो बारीक आवाजात गेलाच. तुम्ही इतकी वर्षं नेमके तसलेच ट्रॅक वाजवताय. किकवर न टेकणारं शोधा.

पहिलं नाव बार्कर. माणूस ब्रिटिश, राहतो बर्लिनला. २०१८ च्या 'डीबायसिंग'मध्ये त्यानं टेक्नोमधून किक ड्रमच काढून टाकला. लेझमाचा खळखळाट चालू आहे, हलगी कुठं दिसत नाही, आणि तरी पोरं एका तालात वाकतायत, असं काहीतरी डोळ्यांसमोर आणा. नवा अल्बम 'स्टोकॅस्टिक ड्रिफ्ट', २०२५ चा. मी साताऱ्यात दोन खोल्यांत राहते, सासूबाई साडेनऊला झोपतात आणि माझं ऑफिसचं काम रात्री चालतं, त्यामुळे बारीक आवाजातली तज्ज्ञ मी आहे असं समजा. हा अल्बम मोबाईल उशीखाली ठेवला तरी पळत राहतो. वरचे सूरच एकमेकांना ढकलत ठेका तयार करतात. पहिल्यांदा ऐकताना वाटेल की ढोल आत्ता येईल, मग येईल. तो येत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना आपण त्याची वाट बघणं सोडतो आणि तिथून मजा आहे.

दुसरं, फोर टेटचा 'थ्री', २०२४. हा साधा आहे, आणि साधेपणामुळेच टिकतो. ड्रम असे ऐकू येतात की कुणीतरी खोलीतच वाजवतंय. जाता जाता सांगते, याच फोर टेटनं २०१५ मध्ये 'मॉर्निंग इव्हनिंग' केला होता, जेमतेम दोन ट्रॅक, प्रत्येकी वीस मिनिटांचा. पहिल्यात लताबाईंचा आवाज घेतलाय. लताबाईंचं लहानपण तुमच्या सांगलीत गेलं आणि लंडनचा माणूस त्यांच्या सुराभोवती हाउस विणतोय. नवीन नाही, पण तुम्हाला ऐकायलाच लागेल.

फ्लोटिंग पॉइंट्सचा 'कॅस्केड' (२०२४) सगळे सुचवतील. घेऊ नका, निदान आत्ता. मला तो फार आवडतो, पण तो मोठ्यानं ऐकायचा अल्बम आहे, तुम्ही आवाज वाढवाल. जेमी एक्सएक्सचा 'इन वेव्ज' पण तसाच.

नाद_एकदम

तांबडी चामडी!!! क्रेटेक्स आणि श्रेयस. २०२४. मराठी हाउस भावा, हॉलंडच्या स्पिनिन कंपनीनं काढलंय. विषय कट.

बेसवाला_सांगली

@नाद_एकदम भावा, ते गाणं गेल्या दोन गणपतीत किती वेळा वाजवलं याचा हिशेब माझ्याकडं नाही. त्या शिट्टीत त्याचा पण वाटा असणार. गाणं मात्र खरंच चांगलं आहे, मराठी शब्द हाउसच्या ठेक्यावर इतके नीट बसलेले मी आधी ऐकले नव्हते. पण मुलगी उठते. लगेच नाचते.

@यवतेश्वर_पायथा ताई, "आवाज वाढवाल" हे तुम्हाला कसं कळलं? बार्कर आज रात्री लावतो.

गणपती_पेठ_दुसरा_मजला

मी नेमकं "डॉल्बी बंद करा" हेच लिहायला आलो होतो, पण कानाचं वाचून हात आखडला. पाच दिवस आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. देव्हाऱ्यातली घंटी आपोआप वाजते, माझी बायको म्हणते पूजेचा एक त्रास वाचला.

एकच हिशेब सांगतो, मास्तर होतो म्हणून. ८५ डेसिबल असेल तर आठ तास चालतं. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. तुम्ही मिक्सरपाशी किती तास उभे असता ते तुम्हीच मांडा. बोळे घालताय ते बरं करताय. हसणाऱ्या पोरांना पण घाला, हवं तर पगारातून कापा.

संगीतातलं मला कळत नाही. बेंजो होती तेव्हा बरं होतं.

जवारी_मिरज

उत्तर द्यायला उशीर झाला, दोन तानपुरे पुण्याला पाठवायचे होते.

तुम्ही नवीन मागितलंय आणि मी १९८२ चं सांगणार आहे. चरणजित सिंग, 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. हा मुंबईचा वादक, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात असायचा, स्वतःचा ऑर्केस्ट्रा घेऊन लग्नातही वाजवायचा. म्हणजे तुमच्याच लाइनीतला माणूस. त्यानं रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली, सुरांसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि बेससाठी टीबी-३०३, आणि भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाला तेव्हा लोक चक्रावले, कारण ज्यातून ॲसिड हाउस सुरू झालं असं मानतात ते शिकागोच्या पोरांचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ चं, आणि आवाज तोच.

आता यातलं माझ्या कामाचं सांगतो. ते टीबी-३०३ खरं तर बेस गिटारवाल्याच्या जागी ठेवायला काढलेलं यंत्र. त्या कामाला ते निरुपयोगी ठरलं, १९८४ मध्ये बनवायचं बंद झालं, मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं. त्याची एक कळ फिरवली की एकाच सुराच्या पोटातले वरचे सूर एकेक करून उघडतात आणि मिटतात. ती कळ म्हणजे आमची जवारी. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा घासून आम्ही तार अशी टेकवतो की ती छेडली की नुसती वाजत नाही, उमलते. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं, आणि एका जागी ती बोलते. हळू छेडली तरी बोलते. तुम्हाला बारीक आवाजात जिवंत राहणारं पाहिजे ना, त्याचं गुपित हेच असावं असं मला वाटतं. जीव ढोलात नको, सुराच्या वरच्या पाकळ्यांत पाहिजे. बार्कर मी ताईंचं वाचून ऐकला, तिथं पण तेच चाललंय.

खरंच नवीन निघालेलं हवं असेल तर 'द एनआयडी टेप्स', २०२३. अहमदाबादच्या एनआयडीमध्ये, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत, १९६९ ला मूग नावाचा सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) आला होता, त्यावर गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी १९७२ पर्यंत जे करून ठेवलं त्या टेपा आता बाहेर आल्यात. यावर नाचता येणार नाही. मुलगी मात्र उठणार नाही.

कधी मिरजेला आलात तर सतारमेकर गल्लीत या. चहा पाजतो आणि जवारी काढताना दाखवतो.

बेसवाला_सांगली

तीन आठवड्यांनी येतोय. सगळं ऐकलं, अहवाल देतो.

मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतलं. खरं किती दाखवतं देव जाणे, पण ५५ च्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, निवासी भागाला दिवसाची मर्यादा तेवढीच आहे. हा आकडा मला पाठ आहे, नोटिशीवर छापलेला असतो.

बार्कर पहिल्या रात्री अजिबात कळला नाही. ताई म्हणाल्या तसं ढोलाची वाट बघत बसलो, मग चिडून बंद केला. चौथ्या दिवशी तासगावहून रिकामी गाडी घेऊन येताना लावला. बाजूला बेदाण्याच्या शेडचे दिवे, टेम्पोचं इंजिन खाली एकसारखं घुमतंय, आणि वर हे सगळं झिम्मा खेळल्यासारखं पळतंय. तेव्हा लक्षात आलं की किक इंजिनच देतंय. घरी आल्यावर इंजिन नव्हतं, तरी ऐकू यायला लागली. आता रोज लावतो. कॅमेरा पडून फुटला त्या वर्षीपासून मी कशाचे फोटो काढले नाहीत, पण त्या रस्त्याचा एक काढावासा वाटला.

'थ्री' बायकोला आवडला. ती म्हणाली, हे तुझं वाटत नाही. कौतुक होतं की काय, विचारलं नाही.

'कॅस्केड' लावू नका म्हणाला होतात म्हणून लावला. ताई, तुमचं खरं होतं. पाचव्या मिनिटाला ॲपवर ७८. बंद केला. एकदा गोदामात शटर लावून, बोळे घालून, दोन बेसवर पूर्ण ऐकणार आहे, माफ करा.

लताबाईंचा वीस मिनिटांचा ट्रॅक आईला ऐकवला. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, पुढची ओळ का म्हणेना ही? मी म्हटलं, ती ओळ येणार नाही. मग तिनं स्वतःच म्हटली, भांडी आवरत आवरत, ट्रॅक संपेपर्यंत तीच तीच. ठेक्यात होती.

मास्तर, तुमचा हिशेब गोदामाच्या दारावर खडूनं लिहिलाय. चारपैकी तीन पोरांनी बोळे घेतले. चौथ्याचं लग्न ठरलंय, तो म्हणतो नंतर घेतो.

मिरजेला पण गेलो. इथं उत्तर लिहिताना काका काका म्हणायचं मनात होतं, जाऊन बघतो तर अठ्ठावीस वर्षांचं पोरगं, भोपळ्याचा भुसा केसात. त्यानं खरंच दोरा सरकवून दाखवला. तार आधी नुसती टण वाजत होती, मग एका जागी अशी उघडली की मी दुकानात मागं वळून बघितलं, दुसरं कुणी वाजवतंय का म्हणून. पाचेक मिनिटं तो छेडत राहिला. थांबला तेव्हा मला कळलं की मधल्या वेळात कानातली शिट्टी ऐकूच आली नव्हती. नंतर परत आली. पण पाच मिनिटं नव्हती.

चरणजित सिंग आम्ही त्याच्या दुकानातच लावला, मोबाईलवर. यमन चालू असताना त्याचे वडील आतून आले, लाकूड हातात तसंच, उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "ठेका जरा घाईत आहे, पण यंत्राची जवारी चांगली काढलीय."

एनआयडी अजून बाकी आहे. लग्नसराईला अठरा दिवस राहिलेत. बार्करसारखं अजून कोण असेल तर सांगा, मग महिनाभर मी नसेन.