पोरीला खरं कोर्ट दाखवायचं आहे, नागपुरात कुठून सुरू करू?

मनीषनगरची_आई
नमस्कार मंडळी. पोरगी यंदा नववी संपवून दहावीत गेली, दीड वर्षापासून एकच धोशा, वकील व्हायचं. आधी वाटलं मोबाइलवर काहीबाही बघून डोक्यात शिरलंय, उतरेल. पण नाही उतरत. परवा सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं तर ही खाली जाऊन "बायलॉज दाखवा" म्हणून सेक्रेटरी काकांच्या मागे लागली. आमच्या दोन्हीकडच्या घरात कोणी वकील नाही, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हेच ऐकत आलो, मग दाखवणार कोण? ह्यांचं म्हणणं फाउंडेशन बॅच लाव, बाकी बारावीनंतर बघू. मागच्या सुट्टीत एका ठिकाणी लॉ समर कॅम्प म्हणून साडेसहा हजार भरले, पाच दिवस एसी हॉलमध्ये पीपीटी आणि शेवटच्या दिवशी पोरांना काळे कोट घालून फोटो, बस. घरी येऊन म्हणते, आई, खरा जज कुठं होता? तर कोर्टात पोरांना जाऊ देतात का, ओळख लागते का, आणि कुठल्या कोर्टात न्यावं? कोणी नेलं असेल तर सांगा प्लीज.

काळाकोट_बर्डी
ताई ओळख-बिळख काही लागत नाही. कोर्ट खुलं असते, हे कायद्यातच लिहिलं आहे, आधी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची त्या कायद्याचं, कलम 327 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी नवीन बीएनएसएस लागू झाली त्यात तेच 366 झालं. जागा असेल तर मागच्या बाकावर कोणीही बसून ऐकू शकते. बलात्काराच्या आणि पॉक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) केसेस मात्र बंद दाराआड चालतात, तिथं संबंध नसला तर आम्हालाही बसू देत नाहीत. बाकी जजसाहेबांनी "ही लहान मुलगी इथं काऊन बसली" असं विचारलं तर खरं कारण सांगायचं, आणि बाहेर जा म्हटलं तर वाद न घालता निघायचं. आधार कार्ड दोघींचं ठेवा, मोबाइल बंद. बंद म्हणजे सायलेंट नाही, बंद. आत फोटो किंवा रेकॉर्डिंग तर अजिबात नाही.

आता महत्त्वाचं. सगळे म्हणतील हायकोर्ट दाखवा, सिव्हिल लाइन्सची ती दगडी इमारत, घुमट वगैरे. दाखवा, पण पहिल्या दिवशी नको. तिथं सगळं काम इंग्रजीत, साक्षीदार नाही, दोन वकील उभे राहून "पॅरा सेव्हन, पेज फॉर्टी टू" करून राहतात, पोरगी अर्ध्या तासात जांभया देईन. जिल्हा कोर्टात न्या, तिथं माणसं दिसतात.

निवृत्त_शिरस्तेदार
वरच्या भावाचं बरोबर आहे. मी सेवेत छत्तीस वर्षं कोर्टात काढली, थोडं वेळेचं सांगतो.

मे महिन्यात नेऊ नका. उन्हाळी सुट्टीत दिवाणी काम बंद असते, फौजदारीकडे जामीन-रिमांडपुरतं चालू. दिवाळी आणि नाताळातही तेच. पण आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, आणि कोर्ट त्याच्या आधीच सुरू झालेलं असते. ते मधले दिवस सोन्यासारखे. शाळा बुडत नाही, कोर्ट जोरात.

सकाळी अकराला पोचा. आधी बोर्ड पुकारतात, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी. पट्टेवाला दारात येऊन नाव पुकारतो, अर्ध्यांना नुसती पुढची तारीख. पहिला तासभर बघून पोरीला वाटेल की हे काय, सगळे येऊन जाऊनच राहिले. ते बघू द्या, तेच अर्धं काम आहे. साक्ष किंवा युक्तिवाद माझ्या अनुभवात बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतर रंगते. कुठल्या कोर्टात काय आहे ते ईकोर्ट्सच्या अ‍ॅपवर आदल्या दिवशी दिसते. "एव्हिडन्स" लिहिलेली केस शोधा.

आणि नुसतं आत बसवून आणू नका. आवारात फिरवा. नोटरीचं टेबल, टायपिंगवाले, स्टॅम्प, वकिलांचे क्लार्क हातात फायलींचा गठ्ठा घेऊन पळताना, कैदी पार्टी उतरताना. वकिली म्हणजे फक्त "मिलॉर्ड" नाही हे तिथं समजते. (मिलॉर्ड म्हणतही नाहीत खालच्या कोर्टात, सर किंवा साहेब म्हणतात.)

हिंगण्याचे_मास्तर
आम्ही आमच्या शाळेची पोरं दोनदा नेली. रस्ता सांगतो, एकट्या पालकापेक्षा शाळेमार्फत सोपं जाते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असते, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्यायचं, पोरांची संख्या, वर्ग, तारीख. हे प्राधिकरण 1987 च्या कायद्याने चालते, गरिबांना फुकट वकील देणं हे त्यांचं मुख्य काम, शाळांत कायद्याची माहिती देणं हेही त्यांच्याकडंच, त्यामुळे पत्र बघून नाक मुरडत नाहीत. आम्हाला आधी त्यांच्या पॅनेलवरच्या एक वकील मॅडम शाळेत येऊन दोन तास बोलून गेल्या, मग भेट.

त्यांनी पोरांना विचारलं, फुकट वकील कोणाला मिळते? सगळे म्हणे गरिबाला. मॅडम म्हणाल्या, बाई असेल तर उत्पन्न किती का असेना मिळते, लहान मुलांनाही, एससी-एसटीलाही. आमच्या आठवीतली एक पोरगी उठून म्हणे, मग माझ्या मावशीला कोणी सांगितलं का नाही? वर्ग शांत. त्या दिवशी मॅडम साडेचारच्या ऐवजी सहाला गेल्या.

लोक अदालत लागली असेल तर तीही दाखवा. एका टेबलावर अपघाताची भरपाई, दुसऱ्यावर चेक बाऊन्स, समोरासमोर बसून तडजोड. पोरांना फार समजते, कारण भाषा घरातलीच असते.

वारंगा_हॉस्टेल
मी इथल्याच नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे, बुटीबोरीकडे वारंग्याला. काकू, काकांना सांगा की क्लॅटला, म्हणजे आमच्यासारख्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेला, सायन्स, कॉमर्स, आर्ट्स काहीही चालते. पेपर 120 प्रश्नांचा, दोन तास, चुकलं की पाव मार्क कट, आणि सगळे प्रश्न उतारा वाचून. मॅथ्स आहे पण दहावीपर्यंतचंच. म्हणजे आत्तापासून क्लास लावायची गरज नाही, पेपर वाचायची सवय लावा, मी अकरावीला क्लासवर खर्च केलेले पैसे आठवले की अजून पोटात दुखते. स्टेटच्या कॉलेजांसाठी एमएच सीईटी वेगळी. किंवा ग्रॅज्युएशन करून तीन वर्षांचं एलएलबी, तोही रस्ता आहे.

घरबसल्या सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाच्या सुनावण्या बघता येतात, सप्टेंबर 2022 पासून लाइव्ह असतात. पण एकटीला लावून देऊ नका, सोबत बसा, नाहीतर दहा मिनिटांत रील्स.

खामल्याचा_पंक्या
सगळे गोडगोड लिहून राहिले म्हणून कडू मी लिहितो. ज्युनिअरशिप, म्हणजे सिनियर वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, बघायला सांगा पोरीला. माझा भाऊ, सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, बार एक्झाम पास, पहिली तीन वर्षं हातात पेट्रोलपुरते पैसे. 2024 मध्ये वकिलांच्या देशभरच्या संस्थेने, बार कौन्सिल ऑफ इंडियाने, ज्युनिअरला शहरात महिन्याला निदान 20 हजार द्या म्हटलं, पण ती शिफारस हो, सिनियर ऐकतीलच असं नाही. जज व्हायचं म्हटलं तर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणली, म्हणजे कॉलेज संपलं की डायरेक्ट परीक्षा, हे बंद. घरी मागे कोणी वकील नसला तर जास्तच जड जाते.

काळाकोट_बर्डी
पंक्या भाऊ पैशाचं खोटं नाही, मीही आईच्या पेन्शनवर दोन वर्षं काढली. पण कोर्ट म्हणजे फक्त ज्युनिअरशिप नाही ना बाप्पा. सरकारी वकील आहे, कंपन्यांत नोकरी आहे, विधी सेवावाले आहेत. आणि आपल्या हायकोर्टाच्या नागपूर बेंचकडं बघा ना, बोबडे साहेब इथलेच, गवई साहेब अमरावतीचे पण प्रॅक्टिस इथली, दोघंही सरन्यायाधीश झाले. हिदायतुल्ला तर जुन्या नागपूर हायकोर्टाचे शेवटचे चीफ जस्टिस, 1956 ला ते कोर्ट गेलं आणि आपण मुंबईचं खंडपीठ झालो. हायकोर्टाच्या भेटीत पोरीला हे सांगा, मग घुमट वेगळा दिसतो.

मनीषनगरची_आई
मंडळी, जाऊन आलो! जूनच्या त्या मधल्या दिवसांतच, शिरस्तेदार काकांचे आभार. सकाळी खरंच नुसत्या तारखा. पोरीनं वहीत मोजलं, 38 पुकारे, त्यात तीनच केसेसमध्ये पाच मिनिटांच्या वर बोलणं झालं. मला वाटलं झालं, कंटाळली. पण जेवणानंतर मारामारीच्या एका केसमध्ये साक्षीदाराची उलटतपासणी लागली. बिचारा गावाकडचा म्हातारा माणूस, टोपी हातात. वकील विचारे, तुम्ही घटनास्थळी नव्हतेच ना? तो म्हणे, होतो ना जी, म्हशी घेऊन होतो. तर जज मॅडम शांतपणे टायपिस्टला सांगतात, "हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी तेथे हजर नव्हतो." म्हशी गायब! पोरीनं माझा हात धरला, आई, त्यानं असं कुठं म्हटलं? बाहेर येईपर्यंत तिला तेच. एका वकील ताईंनी पायऱ्यांवर उभं राहून समजावलं की वकिलाचं म्हणणं नाकारलं की असंच लिहितात, आणि म्हणूनच आपला वकील टायपिस्टच्या स्क्रीनकडं डोळे लावून उभा असतो, म्हैस महत्त्वाची असेल तर तिथल्या तिथं म्हणावं लागते की साहेब, म्हैस पण लिहा.

मग बाहेर तर्री पोहे खाल्ले. ती ताईंचं नाव मागायची विसरली म्हणून दोन दिवस हळहळ.

आता घरी वेगळाच ताप आहे. काल ह्यांनी विचारलं, सायन्सचा धडा वाचला नाहीस ना? तर म्हणते, "हे म्हणणे खरे नाही की, मी धडा वाचला नाही." हे दोन मिनिटं गप्प, मग मला विचारतात, म्हणजे वाचला की नाही वाचला?

त्या म्हाताऱ्याची राहिलेली साक्ष पुढच्या महिन्यात आहे, मंगळवार आहे, शाळा बुडेल. हिंगण्याच्या सरांना विचारायचं होतं, शाळेला सुट्टीचा अर्ज करताना कारण काय लिहू?