अल्बुकर्कीची कातळखोदचित्रे: वयस्कर आईवडिलांना कोणत्या वाटेने न्यावे?

प्रश्न: सड्यावरचा (डेन्व्हर)

नमस्कार. माझे आईवडील ऑक्टोबरमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून आमच्याकडे येत आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहराच्या पश्चिमेला असलेले पेट्रोग्लिफ नॅशनल मॉन्युमेंट दाखवावे, असा माझा विचार आहे. डेन्व्हरहून एकच महामार्ग सरळ दक्षिणेला जातो आणि अंतर सुमारे ७२० किलोमीटर आहे. वाटेत एक मुक्काम करणार असल्यामुळे प्रवासाची मला चिंता नाही, चिंता आहे ती तिथे पोहोचल्यानंतरच्या चालण्याची.

वडील ७३ वर्षांचे असून रोज चार किलोमीटर चालतात. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट जमिनीवर ती अर्धा-पाऊण तास आरामात चालते, पण उंच पायऱ्या आणि दगडांवरून चढउतार तिला जमत नाही. हेच ठिकाण निवडण्याचे कारण वडील आहेत. त्यांचे बालपण राजापूर तालुक्यात गेले. सड्यावर गुरे घेऊन जाताना कातळावर कोरलेल्या आकृत्या त्यांनी कितीतरी वेळा पाहिल्या होत्या, परंतु त्या काळी गावात त्यांचे कोणालाच विशेष वाटत नसे. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हापासून मात्र ते त्याविषयी मिळेल ते वाचत असतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला माणसांनी दगडावर काय कोरले, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तिथे एकाहून अधिक वाटा असल्याचे दिसते. दोघांनाही झेपेल आणि चित्रेही नीट दिसतील अशी वाट कोणती? छायाचित्रांत दिसणारा काळा दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखाच वाटतो, तो तोच आहे का? आणि ही चित्रे कोणी काढली व कशासाठी, असे वडील पहिल्या दहा मिनिटांत विचारतील. त्यांना काय सांगावे?

उत्तर १: रिओकाठची (अल्बुकर्की)

तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण इथे येणारे बहुतेक पाहुणे बलून महोत्सवासाठी येतात आणि ही खोदचित्रे पाहायची राहून जातात. नोव्हेंबरचा पहिला आठवडा तुम्ही योग्य निवडला आहे. महोत्सव ऑक्टोबरमध्येच आटोपलेला असतो, त्यामुळे राहण्याची सोय सहज होते आणि दुपारचे ऊनही सोसवते. उन्हाळ्यात मात्र या उघड्या वाटांवर सावली जवळजवळ नसते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळी पाऊस येतो. त्या दिवसांत वयस्कर माणसांना इथे आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पाहुण्यांसाठीचे माहिती केंद्र आणि खोदचित्रांच्या वाटा एका आवारात नाहीत. केंद्राजवळ खोदचित्रे दिसत नाहीत, तेथून नकाशा घेऊन गाडीने वेगवेगळ्या ठिकाणी जावे लागते. खोदचित्रांसाठी तीन जागा आहेत. बोका नेग्रा येथील वाटा सर्वांत आखूड आहेत, तिथे पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह आहे आणि सुमारे १०० चित्रे दिसतात. ही जागा शहराकडून चालवली जाते आणि तिथे गाडी लावण्याचे एक-दोन डॉलर पडतात. पिएद्रास मार्कादास ही वस्तीला अगदी लागून असलेली, जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटरची वाट आहे आणि तिच्यावर सुमारे ४०० चित्रे पाहता येतात. रिंकोनादा दरीतील वाट साडेतीन किलोमीटरची असून तिच्यावर ३०० पर्यंत चित्रे आहेत.

बहुतेक लोक तुम्हाला बोका नेग्रा सुचवतील, कारण अंतर कमी आहे. आईंचा गुडघा लक्षात घेता मी सावध राहायला सांगेन. तिथली मेसा पॉइंट नावाची वाट खडकांमधून उभी चढत जाते. अंतर कमी असले म्हणजे वाट सोपी असतेच असे नाही, हे मी माझ्या सासूबाईंना तिथे नेले तेव्हा शिकले. अर्ध्या चढावर त्यांचा पाय घसरता घसरता वाचला आणि मग खाली उतरायला आम्हाला वर जाण्याच्या दुप्पट वेळ लागला. बोका नेग्राला गेलातच, तर आईंना केवळ खालच्या मकाव वाटेवर न्या. ती काही मिनिटांचीच आहे आणि तिच्यावर मकाव पोपटाची एक आकृती आहे, जी मला इथल्या सगळ्या चित्रांत अधिक जवळची वाटते. हा पक्षी इथला नाही. त्याची पिसे आणि जिवंत पक्षी दक्षिणेकडून, आजच्या मेक्सिकोच्या बाजूने, पायी चालणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून इतक्या दूर येत असत.

दोघांसाठी मिळून माझी पसंती रिंकोनादाला आहे. जाताना वाट काळ्या खडकांच्या उतरणीच्या पायथ्याने जाते आणि येताना दरीच्या मधल्या वाळूच्या सपाटीतून परतते. चढ जवळजवळ नाही. वाळू मात्र भुरभुरीत आहे आणि तिच्यात पाऊल रुतते, म्हणून चपला न घालता घट्ट बूट घालावेत आणि आईंनी हातात काठी घ्यावी. त्या दमल्या तर आल्या वाटेने कुठूनही मागे फिरता येते, कारण चित्रे पायथ्याच्या बाजूलाच आहेत. त्या वाटेवर पिण्याचे पाणी मिळत नाही, त्यामुळे प्रत्येकी किमान एक लिटर सोबत ठेवा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, हवा अतिशय कोरडी आहे आणि घाम लगेच वाळत असल्याने तहान लागल्याचे कळत नाही. तुमचे आईवडील समुद्राकाठच्या दमट हवेतून येणार, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. गाडीत पासपोर्ट, पर्स असे काहीही ठेवू नका, कारण तिथल्या वाहनतळावर काचा फोडून चोरी होण्याचे प्रकार घडतात. आम्ही गेलो होतो तेव्हा सायंकाळी पाच वाजता फाटक बंद झाले होते, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ पाहून घ्या.

उत्तर २: पाषाण (टक्सन)

दगडाच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण तो माझ्या अभ्यासाचा विषय आहे. होय, दोन्ही बेसॉल्टच आहेत. फरक वयाचा आहे आणि तो प्रचंड आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून आला, तर अल्बुकर्कीच्या पश्चिमेकडील लाव्हा साधारण दोन लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचाच. ज्या ज्वालामुखींतून तो आला, ते छोटे शंकू पठारावर अजून ओळीने उभे दिसतात. लाव्हाच्या थराखालची मऊ माती व वाळू झिजत गेली, वरच्या बेसॉल्टचा आधार सुटला आणि कडेचे मोठमोठे तुकडे उतारावर गडगडले. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या या कडेवर जे काळे गोटे पसरलेले आहेत, त्यांवरच ही खोदचित्रे आहेत.

मात्र वडिलांच्या परिचयाच्या कातळशिल्पांशी तुलना करताना एक गोष्ट त्यांना आधी सांगा, म्हणजे त्यांची नजर लवकर बसेल. कोकणातले कोरीवकाम जांभ्यावर आहे. तिथे आडव्या सड्यावर खोल रेघा कोरलेल्या असतात, आकृती माणसापेक्षाही कितीतरी मोठी असू शकते आणि कलत्या उन्हात रेघेत सावली भरली की ती उठून दिसते. अल्बुकर्कीत पृष्ठभाग उभे किंवा तिरपे आहेत, आकृत्या बहुधा वीतभर-हातभर आहेत आणि त्या दिसतात त्या खोलीमुळे नव्हे, तर रंगातील फरकामुळे. कोरड्या हवेत उघड्या दगडावर लोह व मँगनीजची ऑक्साइडे आणि चिकणमातीचे बारीक कण मिळून हजारो वर्षांत एक काळपट, चकचकीत पापुद्रा बसतो. त्याला डेझर्ट व्हार्निश म्हणतात. एक दगड छिन्नीसारखा धरून त्यावर दुसरा हाणला की हा पापुद्रा उडतो आणि आतला फिकट राखाडी दगड उघडा पडतो. चित्र म्हणजे हा उघडा पडलेला फिकट भाग. म्हणूनच बुटाच्या टाचेने किंवा खिशातल्या किल्लीने मारलेला ओरखडाही तिथे कायमचा राहतो. तळहाताचे तेल आणि घामही या पृष्ठभागाला अपाय करतात. चित्राला हात लावू नये हा नियम केवळ शिस्तीसाठी नाही, त्यामागे हे कारण आहे.

माथ्यावर सूर्य असताना चकचकीत दगडावरून प्रकाश थेट डोळ्यांत परततो आणि चित्रे विरून गेल्यासारखी होतात, म्हणून सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे. एकाच जागी उभे राहू नका, दोन पावले डावीकडे-उजवीकडे सरका. जिथे काहीच नव्हते तिथे अचानक चेहरा दिसू लागतो, हा अनुभव मी तिथे अनेकदा घेतला आहे. छोटी दुर्बीण असल्यास जरूर न्या. वरच्या दगडांवरची चित्रे वाट न सोडता पाहता येतील, आणि वाट न सोडणे तुमच्याही हिताचे आहे, कारण ऊबदार दिवशी त्या फटींत खुळखुळ्या साप असू शकतात.

उत्तर ३: वाटसरू

वरील दोघांशी मी सहमत आहे, फक्त रिंकोनादाबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. तुमच्या आई अर्धा-पाऊण तासच चालू शकत असतील, तर भुरभुरीत वाळूतील साडेतीन किलोमीटर त्यांना जड जातील, आणि त्या दमल्या की वडीलही त्यांच्यासोबत मागे फिरतील. पहिल्या दिवशी सकाळी दोघांना पिएद्रास मार्कादासला न्या. वस्तीमागच्या वाहनतळापासून चित्रे जवळ आहेत, कमी चालून पुष्कळ दिसते. मागे घरे आणि समोर ही चित्रे, हे दृश्य पहिल्यांदा मला खटकले होते, पण शहर किती जवळ येऊन ठेपले आहे ते तिथेच उमगते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आणि वडील दोघेच रिंकोनादाला जा.

चित्रे कोणी काढली, हे वडिलांना निःशंकपणे सांगता येईल. आजही रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात ज्यांची गावे आहेत, त्या प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी यातील बहुतांश चित्रे काढली, आणि त्यांपैकी पुष्कळशी इसवी सन १३०० ते सतराव्या शतकाची अखेर या काळातली आहेत. एकूण संख्या सुमारे २४ हजार मानली जाते. त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी कोरलेले क्रूस दिसतील. ते स्पॅनिश काळात मेंढ्या चारणाऱ्यांनी कोरलेले आहेत. तुमच्या वडिलांनी सड्यावर गुरे राखली असल्याने त्यांना ते पाहताना वेगळे काही वाटेल, असे माझे मन सांगते.

कशासाठी, या प्रश्नाला मात्र वर्तुळ म्हणजे सूर्य आणि नागमोडी रेघ म्हणजे पाणी, अशी कोष्टकातली उत्तरे देऊ नका. ज्यांच्या पूर्वजांनी ही चित्रे काढली ते लोक आजही आहेत. शहराच्या उत्तरेला सांदिया आणि दक्षिणेला इस्लेता ही त्यांची गावे आहेत. त्यांच्या दृष्टीने ही जागा म्हणजे जुन्या कलेचे संग्रहालय नसून, जिथे प्रार्थना केली जाते असे पवित्र स्थान आहे. काही आकृत्यांचे अर्थ त्यांना ठाऊक आहेत आणि ते बाहेरच्यांना सांगत नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट वडिलांना अवश्य सांगा. १९९० मध्ये हे मॉन्युमेंट स्थापन झाले, पण वाढत्या शहरासाठी त्यातून रस्ता नेण्याचा आग्रह धरला गेला. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सुमारे साडेआठ एकर जमीन त्याच्या हद्दीतून वगळली, आणि प्वेब्लो लोकांचा तीव्र विरोध असूनही तो रस्ता पुढे झाला. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तेव्हा कातळशिल्पांचे काय होणार म्हणून राजापुरात जी काळजी व्यक्त झाली, ती त्यांनी जवळून पाहिली असेल. साडेआठ एकर म्हणजे मोठे क्षेत्र नव्हे असे म्हणणारे तेव्हा इथेही होते. पण देवळाचा एक कोपरा पाडला तर किती जागा गेली हे आपण मोजत बसत नाही.

प्रश्नकर्ता: सड्यावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच आम्ही परत आलो, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

वाटसरू यांनी सांगितले तसेच केले. पिएद्रास मार्कादासला सकाळी साडेआठला पोहोचलो. आई मध्ये दोनदा थांबून पूर्ण वाट चालली. पहिली पंधरा मिनिटे वडिलांना काही दिसेना, कारण ते सवयीने खाली जमिनीकडे पाहत होते. पाषाण यांचे म्हणणे आठवून मी त्यांना उभ्या दगडांकडे पाहायला आणि जागा बदलायला सांगितले, आणि त्यानंतर तेच आम्हाला चित्रे दाखवू लागले. हाताच्या पंजाची एक आकृती आईला सर्वप्रथम दिसली. तिने आपला पंजा दगडापासून दूर, हवेतच तिच्यासमोर धरून पाहिला आणि तो हात आपल्यापेक्षा लहान आहे, असे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रिंकोनादाला वडील आणि मी अडीच तास होतो. एका क्रूसासमोर ते बराच वेळ थांबले. मेंढ्या राखणाऱ्याला दुपारी बसायला सावली कुठे मिळत असेल, असे त्यांनी मला विचारले, आणि आम्ही दोघांनी ती खरोखर शोधली. दरीत झाड नव्हते. उतारावरच्या एका मोठ्या दगडाच्या उत्तरेला माणूसभर सावली होती, आणि वाटेवरूनच दुर्बिणीने पाहिले तेव्हा त्या बाजूलाही दोन आकृत्या दिसल्या.

आईवडिलांना नेणाऱ्यांनी ओठांना लावायला काहीतरी आणि नाकात घालायला तुपाची छोटी डबी जवळ ठेवावी. कोरड्या हवेचा त्रास दोघांनाही चालण्यापेक्षा अधिक झाला.