प्रतिसाद: ऑस्ट्रेलियाच्या रानडेझीतील न सुकणाऱ्या ‘पाकळ्या’

या पिवळ्या रानडेझीच्या पाकळ्या झाडावरून तोडल्यावरही महिनोन्‌महिने रंग कसा टिकवून धरतात, असा प्रश्न वर आला आहे, त्याबद्दल थोडी भर घालतो. ही रानडेझी म्हणजे झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम; सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती ऑस्ट्रेलियाच्या सर्व राज्यांत आढळते. आपण जिला पाकळी समजतो ते मुळात छद, म्हणजे फुलाभोवतीचे रूपांतरित पान असते. खरी फुले मधल्या चकतीत असतात: शेकडो इवली नळीदार पुष्पके, त्यांतील कडेची मादी आणि आतली द्विलिंगी. सूर्यफुलात बाहेरच्या बाजूला दिसतात तशी जिभेच्या आकाराची किरणपुष्पके हिला अजिबात नसतात.

छदांच्या पेशी मृत आणि जाड भित्तिकांच्या असल्याने त्यांत कोमेजण्यासारखे काही उरलेलेच नसते. तरीही हे छद हलतात, आणि मला या वनस्पतीचे हेच सर्वांत मोठे नवल वाटते. हवा दमट झाली की ते आत वळून चकती झाकतात व कोरड्या हवेत पुन्हा बाहेर उलगडतात, कारण छदाच्या दोन्ही बाजू ओलाव्याने सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. वाळलेले फूल पाण्याने भिजवून पाहावे. थोड्या वेळात ते मिटलेले दिसेल.

जुन्या बागकामाच्या पुस्तकांत हीच वनस्पती हेलिक्रायसम या नावाने सापडते. झेरोक्रायसम या प्रजातीत तिचा समावेश 1990 मध्ये झाला.