जिरो २०२५, विसावा टप्पा: डेल टोरो येट्सच्या मागे का गेला नाही?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. सायकल शर्यती बघायला लागून मला फार काळ झालेला नाही, भाच्यामुळे हे वेड लागलं. २०२५ च्या जिरोचा, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा, विसावा टप्पा काल परत पूर्ण पाहिला आणि परत तिथेच अडले.

त्या सकाळी गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची, इसाक डेल टोरोच्या अंगावर. कारापाझ ४३ सेकंदांनी मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांनी. फिनेस्त्रेच्या चढावर येट्स निसटला आणि हे दोघं एकमेकांकडे बघत राहिले. संध्याकाळी येट्स जवळजवळ चार मिनिटांनी पुढे! भाचा म्हणतो, पोरानं हातातली शर्यत घालवली. मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. आणि दुसरं, येट्सचा साथीदार व्हान आर्ट काही असल्या डोंगरांचा गडी नव्हे. तो सकाळपासून पुढच्या घोळक्यात काय करत होता?

घाटकरी

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे, म्हणून व्हान आर्टपासून सुरुवात करतो.

फिनेस्त्रेचा घाट साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी चढ ९.२ टक्के, माथा २१७८ मीटरवर. वरच्या आठेक किलोमीटरना डांबरच नाही, माती आणि खडी. इतक्या उभ्या चढावर वेग कमी, त्यामुळे कुणाच्या मागे राहून वारा चुकवण्याचा फायदाही थोडाच. ज्याच्या पायात जोर, तो पुढे. पण टप्पा माथ्यावर संपत नव्हता! पुढे उतार, मग दरी, मग सेस्त्रिएरेपर्यंतचा सौम्य चढ. तिथे वेग वाढतो आणि वारा कापणारा कोणी पुढे असला की मागच्याची बरीच ताकद वाचते. सिंहगड चढताना मित्राच्या मागे राहून फारसं काही हाती लागत नाही, सातारा रस्त्यावर मात्र त्याच्या चाकामागे बसलं की पाय हलके होतात. तेच इथे.

येट्स आणि व्हान आर्टच्या संघानं, व्हिस्मानं, हे आधीच हेरलं होतं. म्हणून व्हान आर्ट सकाळच्या ब्रेकअवेमध्ये, म्हणजे त्या पुढच्या घोळक्यात, गेला. त्याला टप्पा जिंकायचा नव्हता, तो ख्रिस हार्परनं जिंकला. व्हान आर्टचं काम एकच, घाट येट्सच्या आधी पार करायचा आणि पलीकडे त्याची वाट बघायची. येट्स उतरून आला आणि याच्या चाकामागे लागला. पुढचे काही किलोमीटर व्हान आर्टनं डोकं खाली घालून जे ओढलं, ते मी पुन्हा पुन्हा बघतो. ज्या माणसानं याच जिरोत सिएनाचा टप्पा स्वतः जिंकला, तो इथे दुसऱ्यासाठी पाय रिकामे करतोय.

आता डेल टोरो. एकवीस वर्षांचा पोरगा, जिरोत गुलाबी जर्सी घालणारा पहिला मेक्सिकन. त्या चढावर कारापाझनं हल्ले केले, त्यांना यानं उत्तर दिलं. पाय होते. अडचण हिशेबाची होती. यानं येट्सचा पाठलाग केला तर कारापाझ मागे आरामात बसून येणार आणि शेवटी ४३ सेकंद काढायला बघणार. कारापाझचं म्हणणं, जर्सी तुझी, राखायचीही तूच. साथीदार मागे पडलेले, कोणी ओढणारं नाही. दोघांचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता, आणि त्या दोन बरोबर हिशेबांच्या मधून येट्स निघून गेला. पोराला एकट्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

चेनरिंग

घाटकरी, व्हान आर्टबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी नाही.

माथ्यावर पोचेपर्यंत येट्स कागदावर, म्हणजे एकूण वेळेत, पहिला झाला होता. तेव्हा ‘जर्सी माझी, कारापाझ माझ्या मागे’ हा हिशेब संपला. त्यानंतर कारापाझवर नजर ठेवून काय मिळणार? दुसरा क्रमांक. तीन आठवड्यांच्या शर्यतीत ही संधी किती जणांना परत मिळते? दरीत त्यानं स्वतः जोर लावायला हवा होता, कारापाझ मदत करो वा न करो. कदाचित हरलाच असता, पण लढून. आणि खरी चूक मी त्याच्या संघाच्या गाडीत बसून सूचना देणाऱ्यांची मानतो. व्हान आर्ट पुढे आहे हे टीव्हीवर आपल्याला दिसत होतं, तर त्यांना दिसत नव्हतं का? एकवीस वर्षांच्या मुलाला रेडिओवर ठामपणे सांगणं त्यांचं काम होतं.

घाटकरी

गाडीतल्या लोकांबद्दल मान्य. दरीबद्दल मात्र नाही. तोवर समोर दोन ताजे गडी नसले तरी दोन गडी होते, त्यातला एक व्हान आर्ट. एकट्यानं ते अंतर मिटलं नसतं.

ताई, येट्स आणि हा डोंगर यांचं जुनं नातं आहे. २०१८ मध्ये गुलाबी जर्सी त्याच्याकडे होती, शर्यत संपत आली होती, आणि याच फिनेस्त्रेवर तो असा कोसळला की त्या एका दिवसात ३८ मिनिटांहून जास्त गेली. म्हणून २०२५ मध्ये रेषा ओलांडल्यावर तो हुंदके देत होता, तेव्हा माझेही डोळे भरून आले.

गोदाकाठ

दोघांचे मनापासून आभार. भाच्याला चेनरिंग यांचं म्हणणं आवडेल, मला घाटकरींचं पटलं. २०१८ चा तो टप्पा बघायचाय. कुठून सुरू करू?

घाटकरी

एकोणिसावा टप्पा, बार्दोनेक्कियाचा. फिनेस्त्रेच्या पायथ्यापासून लावा. येट्स चढ सुरू झाल्यावर लवकरच मागे पडतो, ख्रिस फ्रूम शेवट ८० किलोमीटर लांब असताना एकटा निघतो. सगळे फ्रूमकडे बघतात, तुम्ही त्याचा पाठलाग करणाऱ्या पाच जणांकडे बघा. टॉम डुमुलँ मदत मागतोय आणि दोघं तरुण गडी पांढऱ्या जर्सीसाठी, म्हणजे तरुणांमधल्या पहिल्या क्रमांकासाठी, एकमेकांवर नजर ठेवून मागे बसलेत. त्यातला एक कारापाझ आहे.